नवरदेवाचा दंड

आमच्या घरमालकाचं वाटोळं व्हावं असं मला फार वर्षं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी ते रोज म्हणायचे. सकाळी देवापुढे दिवा लावतानासुद्धा. बाकीच्या बायका मुलाबाळांसाठी मागायच्या. मीही मागायचे, पण आधी हे मागायचे. आता तो माणूस नाही, ती चाळ नाही, तिथे मोठी इमारत उभी आहे आणि माझंही वय झालंय. तरी ते म्हणणं अजून पुरतं थांबलेलं नाही. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. माझं लग्न झालं त्याच सुमारास पिंपरीच्या आसपास एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आमच्या ह्यांना एका कारखान्यात लेथवर काम मिळालं आणि आम्ही थेरगावात खोली घेतली. तेव्हाचं थेरगाव म्हणजे शेतं, गोठे आणि मधूनच कुठे पत्र्याच्या खोल्या. मालकांनी आपल्या शेताच्या कडेला अशाच खोल्यांची चाळ बांधली होती. समोरासमोर दोन रांगा, मागे विहीर आणि रस्त्याकडे एकच फाटक. फाटकापलीकडे त्यांचं स्वतःचं दुमजली घर. गावातलं जुनं घराणं, उंचापुरा देह, आवाज असा की विहिरीवर बोलले तर फाटकाबाहेर ऐकू यावं. सगळे त्यांना मालकच म्हणायचे. चाळीच्या भाड्याशिवाय त्यांचं दुसरं एक काम होतं. नव्या कारखान्यांच्या शेड बांधायला ते मजूर पुरवायचे. त्यामुळे साहेबलोकांत त्यांची ऊठबस होती, आणि कुणाला नोकरीला चिकटवायचं तर मालकांचा एक शब्द पुरत असे.

माझे धाकटे दीर असेच चिकटले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. आईवेगळे, म्हणून आमच्याबरोबरच राहायचे. थेरगावात आल्यावर मालकांनी त्यांना कारखान्यात हेल्पर म्हणून लावून दिलं. मिसरूड फुटलेलं, केसांचा मोठा कोंबडा, सायकलवर तर इतका जीव की रविवारी देव पुसावेत तसे ते गुरुवारी सायकल पुसायचे. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असायची. मामाच्या मुलीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. मालकांचा धाकटा मुलगा, सहा-सात वर्षांचा असेल, सतत त्यांच्या मागेपुढे. त्याला सायकल त्यांनीच शिकवली. मधल्या दांडीखालून पाय घालून तो चाळीतून चकरा मारायचा आणि माझे दीर मागे धावत ओरडायचे, "पुढं बघ, पुढं! पायाकडं काय बघतोस?"

त्या वर्षी उन्हाळा सुरू होताना शेवटच्या खोलीतला एक मजूर तापाने पडला. मराठवाड्यातून आलेला, एकटा, मालकांच्याच टोळीत शेडच्या कामावर. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणून माझे दीर शिफ्टवरून आले की त्याला पाणी द्यायचे, पेज भरवायचे. दोन-तीन दिवसांनी त्याच्या तोंडावर, हातापायांवर पुरळ उठलं. मी दारातूनच पाहिलं. तळहातांवरसुद्धा होतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात देवी येऊन गेल्या होत्या. ते तोंड मी ओळखलं.

मी मालकांना सांगायला गेले. ते ओट्यावर दाढी करत बसले होते.

"कांजिण्या हायेत," ते आरशातून नजर न काढता म्हणाले. "तू काय डाक्टरीण हायेस व्हय?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुरुष कामावर असताना, त्यांनी त्या मजुराला बैलगाडीत घातलं, वर गोधडी टाकली आणि मळ्यातल्या खोपटात नेऊन ठेवलं. त्याचं पुढे काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण गाडी कशासाठी जोडली ते तेव्हाच कळलं. चाळीत देवीचा रोगी आहे असं बाहेर गेलं असतं, तर मालकांच्या टोळीला कारखान्याच्या फाटकाआत कुणी घेतलं नसतं.

आणि नेमका त्यानंतरच्या दिवशी देवी टोचणारा माणूस आला. सायकलवर खाकी पिशवी, सोबत एक शिपाई. पुण्याकडे कुठे कुठे रोगी सापडले म्हणून ते वस्त्यांमधून फिरत होते. मी विहिरीवर होते. मालक फाटकात आडवे उभे राहिलेले दिसले.

"हितं समद्यांचं टोचून झालंय," ते म्हणत होते.

मी घागर तशीच ठेवली आणि पुढे गेले. माझ्याबरोबर शेजारची भाभी होती. तिचा नवरा मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचा. तिच्या कडेवर धाकटा होता, नुकताच बोलायला लागलेला.

"अहो, आमच्याकडे बऱ्याच जणांचं टोचलेलं नाही," मी लांबूनच म्हटलं. "माझ्या दिरांचं नाही. हिच्या मुलाचं नाही."

मालक वळले. त्या नजरेची मला अजून चीड येते. तीत राग नव्हता. कुत्रं भुंकल्यावर वळून बघावं तसे ते वळले. "बाई, घरात जा," ते म्हणाले. मग त्या माणसाला म्हणाले, "देवीचं ठाणं हाय आमच्या चाळीत. सुई लावली आन् आई कोपली तर तुमी निस्तरणार का?" ठाणं म्हणजे कोपऱ्यातला एक शेंदूर फासलेला दगड. त्याच्याकडे ते स्वतः वर्षातून एकदा बघायचे.

टोचणारा माणूस शिपायाकडे बघत राहिला. शिपायाने मालकांना नमस्कार केला. दोघं निघून गेले.

त्या दिवशी दीर शिफ्टवरून आले तशी मी म्हटलं, "भाऊजी, उद्याच्या उद्या पुण्याला जाऊन टोचून या. तो मजूर देवीनेच आजारी होता. तुम्ही त्याला हाताने भरवलंय."

ते हसले. "वहिनी, मालकांनी सांगितलं ना कांजिण्या आहेत म्हणून. ते कशाला खोटं बोलतील? त्यांच्यामुळे तर नोकरी लागली."

"ऐका माझं."

"गुरुवारी जातो. आता खाडा केला तर मालकांचंच नाव खाली जाईल."

गुरुवार आला तेव्हा मालकांनी त्यांना मळ्यात ऊस बांधायला नेलं. पुढचा गुरुवार यायच्या आत ते तापाने फणफणले.

मी त्यांच्याजवळ राहिले. मला लहानपणी टोचलेलं होतं, दोन्ही दंडांवर रुपयाएवढे व्रण होते. शाळेत जाताना मास्तरांनी रांगेत उभं करून टोचवलं होतं. तेव्हा ते दाताळी चकती दंडावर दाबून फिरवायचे. खूप दुखायचं, मग फोड यायचा, खपली धरायची, ती पडली की खड्ड्यासारखा व्रण राहायचा. मी रडले होते आणि वडिलांना लाथा मारल्या होत्या. त्याच व्रणांमुळे मी आता दिरांचं अंग पुसत होते, त्यांच्या अंथरुणाला हात लावत होते आणि मला काही होत नव्हतं.

मग त्यांना पुण्यातल्या साथीच्या रोगांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला सगळं विचारून घेतलं: रोगी कधी पडला, यांनी त्याला कधी भरवलं, टोचणारा कधी आला. मग ते म्हणाले, "बाई, हा रोग अंगात शिरल्यावर बरेच दिवस गप्प असतो. त्या सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत टोचलं तरी लस पुढे जाते आणि रोग मागे पडतो. निदान सौम्य तरी होतो."

"म्हणजे तो माणूस फाटकात आला होता तेव्हा टोचलं असतं तर?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मला उत्तर मिळालं.

परवा माझ्या नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं की एमपॉक्स नावाचा एक रोग फिरतोय. देवीच्याच कुळातला, तिच्याइतका जीवघेणा नाही; पुरळाला हात लागून, जवळिकीतून, अंथरुणा-पांघरुणातून पसरणारा. देवीची जुनी लस घेतलेल्यांना त्याच्यापासूनही बरंच संरक्षण मिळतं म्हणे, आणि ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी आता नवीन लसही निघाली आहे. रोग्याशी संपर्क आल्यावर लगेच घेतली तरी उपयोग होतो. नात म्हणाली, "आजी, तुला काही भीती नाही." मला भीती नव्हतीच. मला फक्त ते फाटक दिसलं. अशा रोगात कुणीतरी एक जण फाटकात आडवा उभा राहतो, आणि आतल्यांचे ते चार दिवस निघून जातात.

दीर वाचले. पण दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं आणि दृष्टी गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांनी खोलीत येऊन पहिल्यांदा सायकल चाचपली. सीटवर हात ठेवला. मग म्हणाले, "विकून टाका, वहिनी." तोंडावर बोट ठेवायला जागा नव्हती इतके खड्डे. मामांनी चार महिन्यांत मुलगी दुसरीकडे दिली. भाभीचा धाकटा त्याच साथीत गेला. चाळीत आणखीही गेले. भाभी रडताना कुणाला शिव्या देत नव्हती, मी द्यायचे. तिच्या वाटच्याही मीच द्यायचे.

ह्यांना पुढे चिंचवडला चांगली जागा मिळत होती. मी गेले नाही.

"अगं, कशाला राहायचं इथे? रोज त्यांचं तोंड बघायचं."

"मला त्यांचं तोंड बघायचं नाहीये," मी म्हटलं. "त्यांनी माझं बघावं म्हणून राहायचंय."

मी राहिले. त्यांच्या घरचा प्रसाद आला की त्यांच्यादेखत गाईला घालायचे. ते चाळीत शिरले की दिरांचा हात धरून त्यांना दारात आणून बसवायचे. नवीन भाडेकरू आला की पाण्याची वेळ सांगायच्या आधी ही गोष्ट सांगायचे. मालक माझ्याकडे बघायचे नाहीत. खोली सोडा, असंही कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी रस्त्यावर बसून सांगितलं असतं, हे त्यांना माहीत असावं.

काही वर्षांनी सरकारची मोठी मोहीम निघाली. माणसं घरोघर येऊन रोग झालेल्या मुलाचं चित्र दाखवायची, असं कुणी पाहिलंय का विचारायची, आणि टोचायची. आता सुई वेगळी होती, बारीक, टोकाला दोन फाटे असलेली; भराभर टोचून व्हायचं. ह्या वेळी फाटकात मी उभी होते. मी त्यांना एकेका खोलीत नेलं. लपलेली मुलं खाटेखालून ओढून काढली. एक म्हातारी हात देईना तेव्हा मी दिरांना आणून तिच्यासमोर उभं केलं. तिने पदर सरकवून दंड पुढे केला. बायकांना मी सांगायचे, "दोन दिवस दुखेल, ताप येईल, फोड येईल. खपली पडेपर्यंत खाजवू नका. मग जन्माची काळजी मिटली." मालक ओट्यावर बसून बघत होते. मोहिमेतला माणूस त्यांच्याकडे वळला तसे ते म्हणाले, "आमचं कवाच झालंय." मला वाटलं, नेहमीसारखं खोटं बोलतायत.

ते खोटं नव्हतं, हे मला त्यांच्या धाकट्याच्या हळदीत कळलं.

देवीचा रोग तेव्हा देशातून गेला होता. तो मुलगा एका कारखान्यात टूलरूममध्ये लागला होता. घरात सगळ्यांपेक्षा वेगळा निघाला, मवाळ. दीर आंधळे झाल्यावरही त्याने येणं सोडलं नाही. दीर खुर्च्यांचं वेताचं विणकाम शिकले होते. ऑफिसांतल्या जुन्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या. तो शेजारी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचा. मला त्याचा राग करायचा होता, पण जमला नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायला तो स्वतः आला. "वहिनी, तुम्ही आमच्या घरी कधी येत नाही. हळदीला तरी या. माझ्यासाठी."

त्याच्यासाठी मी गेले. दारात मांडव, जात्याला आणि मुसळाला हळद लागलेली, बायकांची गर्दी. नवरदेव उघड्या अंगाने पाटावर बसला होता. माझी पाळी आली. आंब्याचं पान हळदीत बुडवून मी पायाला लावलं, गुडघ्याला लावलं, खांद्याला लावायला गेले आणि माझा हात थांबला.

डाव्या दंडावर दोन व्रण. गोल, खोलगट, कडांना बारीक रेघा असलेले. त्या जुन्या चकतीचे. माझ्या दंडावर होते अगदी तसे.

मी शेजारी बसलेल्या त्याच्या आत्याला विचारलं. बाई भोळी होती. हळदीच्या आनंदात होती.

"आत्या, याला देवी कधी टोचलेल्या हो?"

"त्या व्हय? त्या साली न्हाई का गावात देवी आल्या व्हत्या? मी बाळंतपनाला हितंच व्हते. दादानं पुन्याहून डाक्टर आनला, मोटारीतून. लई घाई केली. मागल्या दारानं आत घेतला आन् घरातल्या समद्यांस्नी टोचलं, माज्या पोराला बी. दादा सोता पैला बसला." आणि ती हसली. "ह्यो लई रडला. म्हनं, सायकलवाल्या दादाला बी टोचा, मंगच मी टोचून घेईन."

मांडवात गाणी चालली होती. माझ्या बोटांवरून हळद गळत होती.

"कधी?" मी विचारलं. "फाटकातून टोचणाऱ्याला परतवून लावलं त्याच्या आधी की नंतर?"

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "आदल्याच दिशी," ती म्हणाली आणि पदराशी चाळा करायला लागली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मजुराला बैलगाडीत घालतानाच माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला अडाणी, हेकट, देवभोळा समजत होते आणि तरी त्याचं वाटोळं मागत होते. तो अडाणी नव्हता. लसीची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ती त्याने आपल्या मागच्या दाराने आत घेतली आणि आमच्या पुढच्या दाराने हाकलली.

मी उठले, चाळीत गेले. दीर विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "वहिनी," ते म्हणाले, "मला तिथे न्या."

वाटेत भाभीला हाक मारली. ती माझा चेहरा बघूनच निघाली, चालता चालता मी तिला सगळं सांगितलं. आम्ही तिघं मांडवात शिरलो तशी गाणी थांबली. पुरुष सहसा तिथे येत नाहीत, आणि हा तर आंधळा. दीर नवरदेवापुढे बसले. त्याच्या पायापासून चाचपत वर गेले, दंडावर आले. हळदीने बुळबुळीत झालेल्या कातडीवर त्यांची बोटं फिरत राहिली. सापडले ते.

"दोन आहेत," ते म्हणाले.

"काय झालं, दादा?" नवरदेवाने विचारलं.

भाभीने सांगितलं. मला वाटलं होतं मी बोलेन, पण ती बोलली, आणि हळू बोलली. "ज्या हप्त्यात तुला टोचलं, बेटा, त्याच हप्त्यात तुझ्या वडिलांनी सुईवाल्याला आमच्या फाटकातून परत पाठवलं. माझा छोटा तेव्हा कडेवर होता."

मालक बाहेर पुरुषांत बसले होते. कुणीतरी बोलावलं. ते आले, सगळीकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं.

"आबा, हे खरं आहे का?" मुलगा पाटावरून उठला नव्हता.

मी वाट बघत होते. ते नाही म्हणतील, किंवा चूक झाली म्हणतील, किंवा मला हाताला धरून बाहेर काढतील. मला तिन्ही चाललं असतं.

ते म्हणाले, "माजी पोरं हायेत, मी टोचीन न्हाईतर काय पन करीन. ह्ये भाडेकरू. आज हायेत, उद्या न्हाईत." आणि बायकांकडे बघून, "गाणी का थांबली?"

गाणी सुरू झाली नाहीत.

पण एवढ्याने माझं समाधान झालं नाही. माझ्या दिरांचं लग्न मोडलं होतं. मला हे मोडायचं होतं. नवरी चाकणची. दुपारी उष्टी हळद घेऊन बायकांचा टेम्पो निघाला, त्यात मी चढून बसले. आत्या माझ्याकडे बघत होती, पण उतरा म्हणाली नाही. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. मी वाक्यं जुळवत होते. चाकणला हळद उतरवून झाली, चहा झाला, आणि मी नवरीच्या आईला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. वाढवायची गरज नव्हती.

तिने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे जावयांना तेव्हा टोचलेलं आहे?"

"हो."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर काही नाही, डोळे चांगले आहेत. आमच्या मुलीचं नशीब." आणि मला आग्रहाने आणखी एक लाडू वाढला.

परत येताना टेम्पोत मी मागे फळीला टेकून बसले. मला त्या बाईचाही राग आला, पण तो धरता येईना. तिने आपल्या मुलीचं पाहिलं. मालकांनी आपल्या मुलांचं पाहिलं. फरक एवढाच होता की चाकणच्या बाईने कुणाचं फाटक अडवलं नव्हतं, आणि तो फरक मी रस्ताभर घट्ट धरून ठेवला, नाहीतर माझं सगळंच सुटलं असतं.

लग्न झालं. मला वाटलं, संपलं. पण वर्षाच्या आत धाकटा बायकोला घेऊन आकुर्डीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. परत आला नाही. सणाला नाही, आजारपणाला नाही. दर गुरुवारी मात्र सायकलवरून आमच्याकडे यायचा, दिरांना पेपर वाचून दाखवायचा, जेवायचा आणि फाटकातून थेट रस्त्याने निघून जायचा. पन्नास पावलांवर बापाचं घर, तिकडे मानही वळवायचा नाही. मालक गुरुवारी ओट्यावर बसायचे. मला ते दिसायचं. मी गुरुवारी मुद्दाम दारात भाजी निवडायला बसायचे.

एक दिवस ते आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बरेच वाकले होते. मी त्यांना आत घेतलं, दिरांनी विणलेल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले.

"पोराला सांगा," ते म्हणाले. "घरी ये म्हनावं. तुमचं ऐकतो त्यो."

मी त्यांच्या समोर उभी राहिले. हा क्षण मला मिळेल असं मी देवापुढे दिवा लावतानाही कधी मागितलं नव्हतं; मागायचं सुचलंच नव्हतं.

"सांगणार नाही," मी म्हटलं.

"म्हातारा झालोय, बाई."

"माझे दीर अठरा-एकोणीस वर्षांचे होते."

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि गेले. ते फाटकापर्यंत जाईपर्यंत मी पाहत राहिले. मला बरं वाटलं. दुसरं काही वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला बरंच वाटलं.

आत आले तर दीर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "मी त्याला दोनदा सांगून पाहिलंय. जा म्हटलं बापाकडे. तो जात नाही."

मला आधी कळलंच नाही. मग अंगाचा भडका उडाला. "तुम्ही? तुम्ही सांगितलंत? कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं? डोळे माझे गेले."

मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, काठी हातात द्यायचे, आणि गप्प. माझ्या माघारी त्यांनी त्या माणसाला मोकळं करून टाकलं होतं. आणि माझ्या नकाराला तसा काही अर्थ नव्हता, हेही त्यातच आलं. मी सांगितलं असतं तरी मुलगा गेला नसता. त्याने आपला हिशेब स्वतःच ठरवला होता.

मालक दोन पावसाळ्यांनी गेले. मुलगा खांदा द्यायला आला, दहावं झालं तसा आकुर्डीला परत गेला. सुतकाच्या घरी आमच्या दिरांना जायचं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्यापर्यंत नेलं, पायरी दाखवली आणि मी मागे फिरले. आत गेले नाही. भाभी विहिरीवर कपडे धूत होती, तिच्याशेजारी जाऊन बसले.

"तू गेली नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मी पण नाही," ती म्हणाली, आणि पिळायला चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.